विद्यार्थ्यांचे पत्र आणि संपादकाची जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



परीक्षेत उत्तम यश मिळविलेल्या आपल्या मुलामुलींचा आज येथे गौरव झाला. अशा प्रसंगी वक्त्याने अभ्यास, शिस्त आणि मातापित्यांचे ऋण यांविषयी चार शब्द बोलावेत असा प्रघात आहे, व तो प्रघात चांगलाच आहे. तथापि ज्याला गुणपत्रिकेत रकाना नाही अशा एका शिक्षणाविषयी मी आज बोलावे, असे मला मनापासून वाटते. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या पत्राचे संपादन, हे ते शिक्षण होय.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. मी मॅट्रिक झालेला मनुष्य आहे. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी मी कधी चढलो नाही. परंतु शाळेतील भित्तिपत्र आणि हस्तलिखित या दोन्हींचा सांभाळ नोकरीच्या अखेरपर्यंत माझ्याकडे होता. त्यात तयार झालेली काही मुले पुढे महाविद्यालयात गेली, तेथील पत्रांचे संपादक झाली, आणि सुटीत घरी आली म्हणजे आपले कच्चे खर्डे घेऊन माझ्या ओटीवर बसू लागली. त्यांच्या तोंडून जे ऐकले आणि त्यांच्या खर्ड्यांत जे पाहिले, तेवढीच माझी शिदोरी.

विद्यार्थ्यांनी पत्र काढणे ही आपल्या महाराष्ट्रात नवी गोष्ट नव्हे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी व तरुण अध्यापकांनी १८४८ साली ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ नावाची सभा स्थापन केली. सभेच्या मराठी शाखेतून १८५० साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. ज्यांनी ही सभा काढली त्यांनीच १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जे लिहावयाचे त्याला कृतीचे तारण पाहिजे, हे त्या तरुणांना कोणी शिकवावे लागले नाही.

शिक्षकाने या कामात कसे असावे याचा आदर्शही आपल्याजवळ आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत असत. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. दिवसभर शिकवावयाचे, मुलांची आजारपणे पाहावयाची आणि पुन्हा रोजचे पत्र लिहावयाचे, हे केवढे कष्ट! पण मुलांना रोज काहीतरी वाचावयास मिळाले पाहिजे, एवढ्या तळमळीने तो माणूस ते करीत होता. पुढे १९४८ साली ‘साधना’ साप्ताहिक काढणाऱ्या संपादकाचा हात अमळनेरच्या छात्रालयातच बसला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. शाळेच्या भित्तिपत्रापासून महाविद्यालयाच्या पाक्षिकापर्यंत सर्वांची तऱ्हा एकच. पहिला अंक उत्साहावर निघतो, दुसरा आग्रहावर निघतो, आणि तिसऱ्या अंकाच्या वेळी संपादक एकटा उरतो. कविता ढिगाने येतात. ग्रंथालय किती वाजता उघडते व पुस्तके का मिळत नाहीत, याची बातमी कोणी आणून देत नाही. मग मजकूर मागावयास दारोदार हिंडावे लागते. आलेला मजकूर शुद्ध करावा लागतो, पानात बसेना म्हणजे कापावा लागतो, आणि ज्याचे कापले त्याचा रुसवा काढावा लागतो. पूर्वी मेणकागदावर टोकदार लेखणीने एकेक अक्षर कोरून, शाईचा रूळ फिरवून चक्रमुद्रणावर प्रती काढीत. छापखान्यात काम दिले तर खिळे जुळविणाऱ्याच्या शेजारी बसून मुद्रिते तपासावी लागत. हात काळे होत, डोळे दुखत. परंतु एका ओळीकडे चारदा पाहिल्यावाचून ती वाचकांपुढे जात नसे, हा त्या कष्टांचा मोठा लाभ होता.

येथे एका जुन्या रीतीचा उल्लेख करतो. शाळेच्या हस्तलिखितासाठी सुवाच्य अक्षर हवे म्हणून संपूर्ण अंक मुलींकडून लिहून घ्यावयाचा, आणि मुखपृष्ठावर संपादक म्हणून मुलांची नावे घालावयाची, असे मी नोकरीस लागलो तेव्हा सर्रास चाले. ज्याचे श्रम त्याचे नाव, असा नियम मी पहिल्याच वर्षी घातला. त्या वर्षी आठ जणांच्या संपादक मंडळात पाच मुली झाल्या. त्यावर तक्रार आली ती मुलांकडून नव्हे, पालकांकडून! असो.

संपादकाला तीन कसोट्यांतून जावे लागते, असे मला दिसून आले आहे. पहिली कसोटी नाकारण्याची. जिवलग मित्राची कविता हाती येते, ती वाईट असते, आणि तिला जागा नाही हे त्याला समक्ष सांगावे लागते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलास हे किती जड जाते, ते मी पाहिले आहे. नाकारण्यास धैर्य लागते हे खरे. पण त्यात सत्ताही असते. ज्याच्या हाती छापणे त्याच्याच हाती न छापणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘मूकनायक’ पत्र ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने छापली नाही, ही हकीकत प्रसिद्ध आहे. दुसऱ्याच्या पत्रात ज्यांना जागा नाही, त्यांना स्वतःचे पत्र काढावे लागते. म्हणून मी मुलांना सांगत असे की, कविता वाईट म्हणून नाकारा, पण लिहिणारा कोण हे पाहून काहीही नाकारू नका. कागदावरचे नाव झाकून मग मजकूर वाचा.

दुसरी कसोटी सत्याची. हिच्याविषयी मी जरा विस्ताराने बोलणार आहे. कोणे एके काळचा माझा विद्यार्थी जिल्ह्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात शिकत होता व तेथील चार पानी चक्रमुद्रित पाक्षिकाचा संपादक झाला होता. महाविद्यालयाचे नाव मी सांगत नाही. तो आपल्या ज्ञातीचा होता की नव्हता, हेही सांगत नाही; कारण तेवढ्यावरच टाळ्या पडावयाच्या आणि मुद्दा बाजूस राहावयाचा. एका रविवारी तो खर्डा घेऊन आला. मथळा होता, ‘वसतिगृहातील लुटारू’. भोजनाचे मासिक बिल भरमसाट वाढले असून आचारी व मुनीम संगनमताने पैसे खातात, असा त्याचा आशय होता. भाषा झणझणीत होती. मी त्याला तीनच प्रश्न विचारले. पाहिले कोणी? मोजले कोणी? ज्यांच्याविरुद्ध लिहिले त्यांना विचारले काय? मुलगा रागावून निघून गेला.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. मधल्या काळात त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मुनिमाकडून वह्या मागून घेतल्या होत्या. मुनिमाने त्या खुशाल दाखविल्या. किराणा, दूध, सरपण यांच्या पावत्या जुळत होत्या. मात्र जेवणाऱ्यांच्या वहीच्या शेवटी ‘पाहुणे’ म्हणून एक वेगळा कोष्टक होता. एका महिन्यात पाहुण्यांची एक्केचाळीस पाने उठली होती. त्यांचे पैसे कोणी दिले नव्हते, आणि तो सारा खर्च मुलांच्या बिलांत वाटला गेला होता. पाहुणे वरिष्ठ मंडळींचे, आणि आज्ञा तोंडी. आचारी बिचारा निर्दोष होता. उलट वाढीव पानांसाठी त्याला जादा राबावे लागत होते.

नवा मजकूर बारा ओळींचा होता. त्यात एकही विशेषण नव्हते. अमुक महिन्यात इतकी पाने, इतका खर्च, तो इतक्या मुलांत वाटला, आणि याबाबत कार्यालयास विचारले असता उत्तर मिळाले नाही, एवढेच. अंक छापून झाला आणि वाटपापूर्वीच त्याचे गठ्ठे कार्यालयाच्या कपाटात बंद झाले. कारण लेखी कळविण्यात आले नाही. पुढच्या वर्षी त्या मुलाला संपादक नेमले नाही. मात्र पुढच्या महिन्यापासून पाहुण्यांच्या पानांचे पैसे भरले जाऊ लागले. जे पत्र कोणी वाचले नाही, त्याने काम केले. तो मुलगा मला म्हणाला, “गुरुजी, पहिला खर्डा छापला असता तर आचाऱ्याची नोकरी गेली असती, आणि पाहुणे पुढेही फुकटच जेवले असते.” साऱ्या पदवी-अभ्यासक्रमात त्याने याहून मोठा धडा घेतला असेल, असे मला वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, पोरासोरांच्या पाक्षिकाचे एवढे काय कौतुक? तर थोरांचेच उदाहरण घ्या. आगरकर आणि टिळक महाविद्यालयात मित्र झाले आणि शिक्षण संपल्यावर थोड्याच काळात, १८८१ साली, त्यांच्या मंडळींनी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे काढली. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत आहे या बातमीने त्यांचे तरुण रक्त उसळले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर दोषारोप करणाऱ्या मजकुरास ज्या पत्रांचा आधार होता, ती पत्रे न्यायालयात खोटी ठरली. १८८२ साली दोघांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि सूट मिळून एकशे एक दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्यावर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले. त्या वेळी दोघांचेही वय पंचविशीच्या आसपास होते. त्यांच्या हेतूत खोट नव्हती आणि धैर्याविषयी तर बोलावयासच नको. पण हेतू शुद्ध असला म्हणजे हाती आलेला कागद खरा होतो, असे नाही. त्यांनी त्याची किंमत स्वतः मोजली, संपादक म्हणून मान पुढे केली, आणि म्हणूनच तुरुंगातून सुटल्यावर लोकांनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले.

आपल्या मासिकांत एक ओळ ठरलेली असते: अंकात व्यक्त झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. ही ओळ मतांपुरती ठीक आहे. घडलेल्या गोष्टीच्या खरेखोटेपणाबद्दल अशी पळवाट कोणत्याही संपादकास नाही, मग तो विद्यार्थी असो वा व्यावसायिक. वृत्तपत्राच्या अंकावर संपादकाचे नाव छापावे लागते ते याचसाठी.

तिसरी कसोटी वडीलधाऱ्यांच्या दडपणाची; आणि ही कसोटी मुलांइतकीच आपलीही आहे. अमेरिकेसारख्या देशातही हा प्रश्न सुटलेला नाही. मिझुरी राज्यात हेझलवुड ईस्ट नावाची शाळा आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या ‘स्पेक्ट्रम’ या पत्राच्या १९८३ सालच्या एका अंकातील दोन पाने मुख्याध्यापकांनी काढून टाकली. शाळेतील मुलींचे गरोदरपण आणि आईबापांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम, असे दोन लेख त्यांना आक्षेपार्ह वाटले होते. मुली ओळखू येतील, आणि ज्या पालकांविषयी लिहिले त्यांना उत्तराची संधी मिळाली नाही, ही त्यांची कारणे. विद्यार्थी न्यायालयात गेले. १३ जानेवारी १९८८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला.

माझ्यासारख्या शिक्षकाला त्या निकालात एक गोष्ट खटकते. मुख्याध्यापकांच्या आक्षेपांत तथ्य होते, असे मी मानतो. नावे झाका, पालकांना विचारून या, हे कोणत्याही चांगल्या संपादकाने सांगितलेच असते. पण ते मुलांना सांगितले गेले नाही. अंक हाती आला तेव्हा पाने नाहीत, एवढेच मुलांना कळले. त्या दोन पानांवर ज्यांच्याविषयी काही तक्रार नव्हती असे इतर लेखही गेले. कायदा अधिकार कोणाचा ते पाहतो. शिक्षकाने पाहावयाचे ते मूल काय शिकले. दुरुस्ती समजावून सांगितली तर मूल संपादन शिकते. पान मुकाट्याने काढले तर ते भय शिकते, आणि भ्यायलेले मूल मोठेपणी एक तर गप्प बसते किंवा आडून दगड मारते.

हे सारे आता जुन्या काळचे झाले, असे तरुणांपैकी कोणास वाटत असेल. मला तर आजच त्याची अधिक निकड दिसते. पूर्वी पाक्षिक काढणारे शंभरात एक-दोन असत. आज ज्याच्या खिशात मोबाइल आहे तो प्रत्येक जण संपादक, मुद्रक आणि वितरक आहे. मेणकागद गेला, खिळे गेले; त्यांच्याबरोबर ओळीकडे चारदा पाहण्याची सवयही गेली. मध्यंतरी एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका हयात गृहस्थांना श्रद्धांजली वाहिली गेली. पहिल्या तासात चाळीस जणांनी हात जोडले. त्यांच्या घरी दूरध्वनी करून विचारावे, असे एकासही सुचले नाही. शेवटी त्या गृहस्थांनी स्वतःच लिहिले की, मी चहा घेत आहे. आपण हसलात, मीही हसलो. पण श्रद्धांजलीच्या जागी एखाद्या मुलीची बदनामी असती, किंवा दुसऱ्या समाजाविषयी विखारी अफवा असती, तर? ती ज्याने पुढे ढकलली त्याचे नाव शेवटी कोणास सापडले असते?

म्हणून आपल्या संस्थेपुढे मी एक सूचना नम्रपणे मांडतो. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी वर्षातून चार वेळा निघणारे एक छोटे पत्र काढावे. कागदाचा व छपाईचा खर्च संस्थेने द्यावा, आणि तो बिनशर्त द्यावा. संपादक विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांतून निवडावेत. मुलगे व मुली दोघांनाही त्यात स्थान असावे. प्रत्येक लेखाखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे. ज्याच्याविरुद्ध लिहावयाचे त्याचे म्हणणे त्याच अंकात, तितक्याच ठळकपणे यावे. चूक झाली तर दुरुस्ती कोपऱ्यात न ढकलता, जेथे चूक झाली त्याच पानावर छापावी. वडीलधाऱ्यांनी मागितला तर सल्ला द्यावा; पान काढू नये. आणि हे पत्र ज्ञातीचे म्हणून काढू नये. शेजारच्या वसतिगृहातील कोणत्याही समाजाच्या मुलाने लिहिलेला चांगला लेख त्यात यावा. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून मी हे बोलत आहे याची मला जाणीव आहे. आपली वसतिगृहे निघाली ती मुलांनी शिकून मोठ्या जगात जावे म्हणून. मग मुलांचे पत्रही त्या जगाकडे तोंड करून असावे, यात विसंगती ती कोणती?

कार्यकारी मंडळातील ज्येष्ठांना येथे शंका येईल की, पहिल्याच अंकात मुलांनी वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीविषयी लिहिले तर काय करावयाचे? माझे उत्तर असे की, मजकूर खरा असेल तर टाकी धुवावी, आणि खोटा असेल तर पुढच्या अंकात उत्तर द्यावे. दोन्हींत संस्थेचे नुकसान नाही. आपल्या स्मरणिकेत अहवाल असतो, हिशेब असतो, शुभेच्छांच्या जाहिराती असतात, वधूवरांची सूची असते. ही सर्व पाने उपयोगाची आहेत. परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप त्या मुलांचा प्रश्न छापलेले पान त्यात मला आजवर आढळले नाही. तेवढी उणीव हे पत्र भरून काढील.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी थोडेच पुढे वृत्तपत्रात जातील. कोणी अभियंता होईल, कोणी परिचारिका, कोणी दुकान सांभाळील. परंतु पाहिले कोणी, मोजले कोणी, ज्याच्याविषयी बोलतो त्याला विचारले काय, हे तीन प्रश्न प्रत्येक धंद्यात, प्रत्येक घरात आणि प्रत्येक निवडणुकीत उपयोगी पडतात. आपल्या नावाखाली जे सांगता येत नाही ते सांगू नये, आणि जे सांगणे अवश्य आहे ते नाव देऊन सांगण्यास कचरू नये, एवढे बळ या कामातून येते. ते बळ तुम्हांस लाभो, आणि ते देण्याचे औदार्य आम्हां वडीलधाऱ्यांस लाभो, अशी माझी सदिच्छा आहे.